बोट ठेवून बोला : मित्रांचा आवडीनिवडींचा कट्टा घरी कसा चालवायचा

आवडीच्या गोष्टींवरच्या आपल्या गप्पा बहुतेक वेळा अशा होतात. एक जण म्हणतो, ‘तो पिक्चर बघितलास का?’ दुसरा म्हणतो, ‘लई भारी!’ तिसरा म्हणतो, ‘तो आवडला असेल तर हा बघच.’ चौथा मोबाइलमध्ये नाव टिपून घेतो आणि विसरतो. दोन तासांत चाळीस नावं होतात आणि एकाही नावाबद्दल धड काही बोलणं होत नाही. घरी जाताना वाटतं, मजा आली. पण काय बोललो हे बायकोनं विचारलं की सांगता येत नाही.

आम्ही सांगलीतले सात जण सहा वर्षांपासून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो. सिनेमा, कविता, पुस्तक, गाणं, गेम, ज्याला जे आवडतं ते तो घेऊन येतो. पहिलं वर्ष आमचंही नावं फेकण्यातच गेलं. मग हळूहळू काही रीत बसत गेली. ती इथे सांगतो. यातलं सगळं तुम्हाला लागू पडेल असं नाही, पण एक गोष्ट सोडू नका. जे आवडलं ते नेमकं कुठे आवडलं, त्या जागेवर बोट ठेवायचं. कुठली ओळ, कितवं मिनिट, कुठला शब्द. बाकीचे नियम या एका सवयीसाठी आहेत.

आधी माणसं, मग दिवस

पाच ते आठ माणसं पुरतात. चार असतील आणि एक आजारी पडला की बैठक लंगडी पडते. नऊच्या वर गेलं की दोन घोळके होतात आणि कोपऱ्यात शेअर बाजार सुरू होतो. सगळे एकाच आवडीचे नकोत. आमच्यात एक बँकेत आहे, एक शाळेत गणित शिकवते, एकाचं औषधाचं दुकान आहे, त्याची बायको (आमच्या वहिनी) येते, शेजारच्या निवृत्त काकू येतात, माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा येतो आणि मी. भाच्याला घेताना दोघांनी नाक मुरडलं होतं. आज त्याच्याशिवाय कट्टा अळणी होतो.

खूप वाचलेला, खूप पाहिलेला माणूस असला तर उत्तम, पण एकच असावा. दोन असले की बाकीचे प्रेक्षक होतात.

दिवस कायमचा ठरवा. ‘सगळ्यांना जमेल तेव्हा’ हा दिवस कॅलेंडरवर नसतो. पुण्यात १९२३ मध्ये जे रविकिरण मंडळ उभं राहिलं, त्यातले कवी रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता वाचून दाखवत. कवी अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात गुरुवारी बसत. वार ठरलेला असला की बोलावणं धाडावं लागत नाही, न येणाऱ्यालाच कारण सांगावं लागतं. तिघंच आले तरी बैठक करायची. एकदा रद्द केली की पुढची रद्द करणं सोपं जातं. आम्ही पहिल्या वर्षी तीन महिने असेच घालवले.

वेळ सव्वादोन तास. साडेपाचला चहा, पावणेआठला उठायचं. जेवण ठेवू नका. जेवण ठेवलं की ज्याच्या घरी बैठक असते त्या घरातलं एक माणूस ओट्याशी अडकतं, आणि ते कोण हे सांगायला नको. चहा आणि भडंग एवढंच. भडंगाबद्दल मात्र पुढे एक सूचना येणार आहे.

आणायचं काय : एक तुकडा

एका बैठकीत तिघांनीच आणायचं, पाळीपाळीनं. प्रत्येकानं एकच गोष्ट, आणि तिचाही तुकडाच. अख्खा सिनेमा नाही, एक प्रसंग. कादंबरी नाही, एक पान. वेळेची मर्यादा दहा मिनिटं. तो तुकडा त्या खोलीत, सगळ्यांच्या समोर, त्याच वेळी वाचला, ऐकला किंवा पाहिला गेला पाहिजे. ‘घरून बघून या’ असं सांगितलं की निम्मे बघत नाहीत आणि उरलेले बघितल्यासारखं बोलतात.

तुकडा निवडणं हा निम्मा अभ्यास आहे. पाच तासांची वेबमालिका आवडली म्हणणं सोपं. त्यातली कुठली सहा मिनिटं आणायची हे ठरवताना आपल्याला ती का आवडली याचा छडा लागतो. कधी कधी लागतो की ती तितकी आवडलीच नव्हती. बँकवाल्यानं एकदा आदल्या रात्री फोन करून आणायची गोष्ट बदलली, ती यामुळेच.

प्रस्तावना दोन वाक्यांची. कोण कोणाचा कोण, आणि आत्तापर्यंत काय झालंय. बस. ‘आता बघा हं, इथे एक कमाल आहे’ असं म्हणायचं नाही. कमाल असेल तर दिसेल.

बोलण्याची फेरी

तुकडा संपला की मिनिटभर कुणी बोलायचं नाही. सुरुवातीला हे फार अवघड जातं, खोकले येतात, कुणीतरी हसतं. तिसऱ्या बैठकीपर्यंत सवय होते.

मग आणणारा सोडून प्रत्येकानं एक जागा सांगायची: ‘तिसऱ्या ओळीतला अमुक शब्द’, ‘तो दार न लावता गेला ते’, ‘तबला थांबला तिथे’. का, हे पहिल्या फेरीत सांगायचं नाही. सगळ्यांच्या जागा ऐकून झाल्या की आपोआप दिसतं की दोघांचं बोट एकाच ठिकाणी आहे, पण एकाला ती जागा आवडली आहे आणि दुसऱ्याला खटकली आहे. खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात. ‘मला काहीच कळलं नाही’ हेही चालतं, फक्त कुठून कळेनासं झालं ते सांगायचं.

आणणाऱ्यानं शेवटी बोलायचं. हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. माणूस स्वतःच्या लाडक्या गाण्याची वकिली केल्याशिवाय राहू शकत नाही. आम्ही त्याच्या हातात वही-पेन देतो आणि बाकीचे काय बोलतात ते लिहायला लावतो. लिहिणारा कमी बोलतो.

काही शब्द पहिली वीस मिनिटं बंद: भारी, क्लासिक, मास्टरपीस, बकवास, ओव्हररेटेड. तोंडून निघाला की डब्यात पाच रुपये. त्या डब्यातूनच भडंग येतं. तुलनाही तेवढा वेळ बंद ठेवा, कारण ‘हे अमक्यासारखं आहे’ म्हटलं की समोरची गोष्ट बाजूला पडते आणि पुन्हा नावांची यादी सुरू होते. फोन उघडून माहिती शोधणं शेवटच्या पाच मिनिटांत.

एक खोट मात्र या पद्धतीत आहे, ती आम्हाला महागात पडली. एकानं जुनं भावगीत आणलं. दुसऱ्यानं नियमाप्रमाणे एका कडव्यावर बोट ठेवून त्याची यथेच्छ टर उडवली. शेवटी आणणाऱ्याची पाळी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘बाबा दवाखान्यात हेच लावायला सांगायचे.’ त्यानंतर चार महिने तो आला नाही. तेव्हापासून आणणाऱ्याला आधी एकच शब्द बोलायची मुभा आहे: ‘जपून.’ कारण सांगायची गरज नाही. मग चिकित्सा होते, पण टर उडत नाही. वर्षातून दोन-तीनदा हा शब्द येतो.

कविता

पाच माध्यमांत कविता सगळ्यांत सोयीची. वीज लागत नाही, वेळ लागत नाही, आणि अख्खी गोष्ट एका पानावर समोर असते. प्रत्येकाला कागद द्या, पण कागद कधी द्यायचा हे कवितेवर ठरवा.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या काम करता करता, तोंडातून आल्या. त्या इतरांनी टिपून घेतल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, पुस्तक निघालं. अशी कविता आधी कानांवर पडू द्या. वाचणारा खानदेशातला मिळाला तर सोनं. आमच्याकडे गणिताच्या बाईंचं माहेर जळगावकडचं आहे. त्यांनी वाचल्यावर आम्हाला कळलं की आम्ही शाळेत ही कविता पुणेरी उच्चारांत घोकली होती. कागद नंतर.

मर्ढेकरांच्या बाबतीत उलट. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही कविता नुसती ऐकवली तर लोक गोंधळतात. कागद हातात दिला आणि गप्प बसलो. औषधवाला म्हणाला, ‘ओल्या उंदिर कसं? ओले उंदीर हवं. छापताना चुकलंय का?’ यावर अर्धा तास गेला. ‘ओल्या’ हा शब्द उंदरांचा नाहीच, पिपाचा आहे. ओल्या पिपात उंदीर मेले. पण शब्द असा टाकलाय की क्रियापद मध्ये येतं आणि ओल उंदरांना जाऊन चिकटते. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे वाचणाऱ्याचा पाय मुद्दाम घसरवलाय.’ समीक्षेची पुस्तकं आमच्यातल्या एकानंही उघडली नव्हती. एका शब्दावर बोट ठेवलं एवढंच.

कविता दोनदा वाचायची, दोन वेगळ्या माणसांनी. पहिल्यांदा ज्यानं ती कधी पाहिली नाही त्यानं. तो अडखळतो, आणि जिथे अडखळतो ती जागा बहुधा बोलण्यासारखी असते. कवितेला नाट्यवाचनाचा सूर लावणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला दुसरं वाचन द्या.

गाणं

इथे भडंगाची सूचना. गाणं सुरू असताना भडंग खायचं नाही. कुमार गंधर्वांचा षड्ज आणि सांगलीचं भडंग एका खोलीत नांदू शकत नाहीत.

सगळ्यांचे फोन विमान मोडवर, ज्यातून गाणं वाजतंय तो तर नक्कीच. स्पीकर कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवलात तर खालचे सूर घुमतात आणि गाणारा मागे पडतो. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, बसणाऱ्यांच्या कानांच्या उंचीवर ठेवा. आम्ही स्टुलावर दोन पाट ठेवून काम भागवतो.

ऐकायचं दोनदा. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा ज्या क्षणी काही झालंसं वाटेल त्या क्षणी बोट वर करायचं, डोळे मिटून, म्हणजे दुसऱ्याचं बघून वर होत नाही. आणणारा मिनिट-सेकंद लिहून घेतो. मग त्याच जागा पुन्हा लावायच्या. राग ओळखता न येणारी माणसंही या पद्धतीनं बरोबर समेवर (तालाच्या पहिल्या ठोक्यावर), नाहीतर अनपेक्षित सुरावर पकडतात. नाव ठाऊक नसतं, जागा ठाऊक असते.

शास्त्रीय संगीताला लोक भितात ते लांबीमुळे. त्यावर उपाय म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या. त्यांच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे मोठमोठ्या गवयांनी तेवढ्यात अख्खं गाणं बसवलंय. मिरज आम्हाला हाकेच्या अंतरावर, म्हणून पहिली तबकडी मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची लावली, झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’. खरखर भरपूर आहे. पहिल्या ऐकण्यात सगळ्यांना खरखरच ऐकू आली, दुसऱ्यात कुणीही तिचा उल्लेख केला नाही. अशी तीन मिनिटं पचली की लांब ख्याल आणा, पण त्यातली दहाच मिनिटं लावा: विलंबित (संथ लय) संपून द्रुत (जलद लय) सुरू होतो तो सांधा.

सिनेमाच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मधलं संगीत ऐकायला सांगा. तिथे आपण वर्षानुवर्षं बहिरे असतो. रॅप आणला तर शब्द छापून आणा, नाहीतर वयानं मोठी मंडळी चेहऱ्यावर सहनशीलता आणून बसतात.

सिनेमा

प्रसंग दोनदा दाखवा, एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्यात जिजाई हातात पायताण घेऊन देवळात जाते आणि विठोबालाच फैलावर घेते. गौरीबाईंचं ते काम पहिल्यांदा बघताना सगळे हसले. आवाज बंद केल्यावर कुणी हसलं नाही. वहिनी म्हणाल्या, ‘शब्द ऐकले तर भांडण वाटतं, नुसतं बघितलं तर रडणं वाटतं.’ उलटंही करता येतं, पडदा झाकून फक्त आवाज. थरारपटाचा निम्मा दम तिथे निघतो.

दिवे बंद, पडदे ओढलेले, आणि प्रसंगाची वेळ आधी लिहून ठेवलेली. सगळ्यांसमोर पुढे-मागे सरकवत बसलात तर तेवढ्यात तिघांच्या हातात फोन आलेले असतात.

पुस्तक

पुस्तक सगळ्यांत अवघड, हे मान्य करून टाका. एका पानात कादंबरी येत नाही. तरी पानच वाचा, मोठ्यानं, आणि मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर मुळीच वाचू नका. आम्हाला चाललेली युक्ती अशी: सगळ्यांत गाजलेलं पान न आणता, वाचताना जिथे पुस्तक मिटून तुम्ही थोडा वेळ छताकडे बघत बसलात ते पान आणा.

लहान प्रकरणांची पुस्तकं सोयीची. ‘श्यामची आई’मध्ये प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणजे ते पुस्तकच एक कट्टा आहे. एक रात्र एका बैठकीत सहज बसते, दहा मिनिटांचा नियम थोडा वाकवून. आमच्यात यावरून जोरदार वाजलं, कारण दोघांचे डोळे भरले आणि भाच्यानं विचारलं, ‘मामा, यात श्यामला “नाही” म्हणायची सोय कुठे आहे?’ पुढची अर्धी बैठक त्यानंच खाल्ली.

ऐकवलेलं पुस्तक तिथल्या तिथे कुणालातरी वाचायला द्या. परत येत नाही, हे गृहीत धरा.

गेम

चाळिशीच्या पुढच्यांना इथे थांबून सांगतो, पान उलटू नका. मीही गेम म्हणजे गोळीबार समजत होतो.

पहिला नियम: ज्यानं गेम आणला त्यानं खेळायचं नाही. हातात द्यायचा तो कधीच न खेळलेल्याच्या. दुसरा खेळताना बघणं कंटाळवाणं असतं, पण नवखा चुकताना बघणं मजेशीर असतं, आणि गेम आपलं म्हणणं कसं सांगतो ते त्या चुकण्यातच कळतं. शिकवायचं नाही, ‘उजवीकडे, उजवीकडे’ ओरडायचं नाही. फोन टीव्हीला जोडा म्हणजे सगळ्यांना दिसेल.

सुरुवातीला ‘फ्लोरेन्स’ घ्या. २०१८ चा, मेलबर्नच्या लोकांनी केलेला, फोनवर चालणारा. अख्खा गेम पाऊण तासाच्या आत होतो, म्हणून आम्ही दहा मिनिटांचा नियम त्या दिवशी पूर्ण मोडला. एका तरुण मुलीची आणि क्रिश नावाच्या चेलो वाजवणाऱ्या मुलाची गोष्ट. संवाद जवळजवळ नाहीतच. ती दोघं बोलतात तेव्हा बोलण्याचा फुगा तुकड्यांनी जुळवावा लागतो. फोन काकूंच्या हातात होता. दोन भेटी झाल्या आणि काकू म्हणाल्या, ‘अरे, तुकडे कमी झाले की! आता बोलणं सोपं जातंय त्यांना.’ भाचा गप्प होता, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढे दोघं भांडतात तेव्हा तेच तुकडे टोकदार होतात. तो मुलगा राहायला येतो तेव्हा त्याचं सामान फळीवर लावायचं काम खेळणाऱ्याकडे असतं. तिचं काय काढायचं, त्याचं काय ठेवायचं, यावर आमच्या खोलीत औषधवाल्यात आणि वहिनींत जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

दुसरा, पुण्यातल्या मंडळींनी केलेला ‘राजी’, २०२० चा. भावाला शोधत निघालेली मुलगी आणि आपल्या ओळखीची देवळं, देवदेवता. यात हातांची चपळाई लागते, त्यामुळे लढाई भाच्याकडे आणि मधलं चालणं-बघणं इतरांकडे, अशी वाटणी केली.

आणि गोळीबाराचाही एक तुकडा चालतो. भाच्यानं एकदा स्वतःच्या मॅचचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग आणलं आणि सगळ्यांना आळीपाळीनं हेडफोन लावायला दिले. चित्र बघू नका, पावलं कुठून येताहेत तेवढं सांगा, म्हणाला. बँकवाला तीनदा मेला.

परगावची मंडळी

एक मैत्रीण आता बोस्टनला असते. तिला व्हिडिओ कॉलवर घेताना पहिल्यांदा गाणं कॉलवरूनच ऐकवलं. तिला तंबोरा ऐकूच आला नाही, कारण ही ॲप्स सलग चालणारा आवाज गोंगाट समजून कापून टाकतात. आता तिला दुवा किंवा कागदाचा फोटो सकाळी जातो, आम्ही ऐकतो त्याच वेळी ती आपल्या यंत्रावर ऐकते आणि कॉल फक्त बोलण्यासाठी ठेवतो. दुसऱ्या शनिवारची साडेपाच म्हणजे तिची सकाळ, उन्हाळ्यात आठ आणि हिवाळ्यात सात. चहा तीही घेते.

हक्कांचं थोडक्यात

घरात सात जण बसून ऐकणं-बघणं वेगळं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पाटी लावून, तिकीट ठेवून दाखवणं वेगळं. दुसऱ्यासाठी हक्कधारकांची परवानगी लागते. घरगुती वापरासाठी घेतलेल्या ओटीटीच्या वर्गणीत ती येत नाही. कवितांच्या प्रती वाटताना हे लक्षात ठेवा की आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. केशवसुत, बालकवी, साने गुरुजी, १९५६ मध्ये गेलेले मर्ढेकर, हे सगळे आता मोकळे आहेत. हयात कवींची पुस्तकं विकत घ्या, फार महाग नसतात.

वही

दोनशे पानी, साधी. तारीख, कोणी काय आणलं, आणि कोणाचं बोट कुठे होतं. मतं लिहू नका, जागा लिहा. मतं दोन वर्षांनी वाचताना लाज वाटते. जागा वाचल्या की तो तुकडा परत लावावासा वाटतो, आणि आपलं बोट आता दुसरीकडेच जातंय हे लक्षात येतं. म्हणून वर्षातून एकदा, डिसेंबरात, नवीन काही न आणता वहीतलंच जुनं एक काढतो.

मागच्या बैठकीच्या पानावर भैरवीतल्या एका तबकडीपुढे औषधवाल्याच्या अक्षरात लिहिलंय, ‘२ मि. १० से. सगळ्यांची बोटं वर. काकूंचं नाही.’ त्याखाली जागा रिकामी सोडली आहे. त्या दिवशी पावणेआठ वाजून गेले होते, विचारायचं राहिलं.